नावेची शिल्लक

एकोणीसशे अठ्ठावीस साली भाटघरच्या धरणाचं पाणी वर चढलं आणि आंबेटेप गाव टेकडीवर गेलं. चौतीस घरं. खालची भातखाचरं बुडाली, नदीचा उतार बुडाला, आणि भोरला जायची वाटही बुडाली. पूर्वी माणूस सकाळी बाजाराला जाऊन दुपारच्या भाकरीला घरी यायचा. आता दोन डोंगर चढून सात कोसांचा वळसा पडायला लागला. चैत्रात पाणी ओसरलं की गाळातून दीड-दोन महिने पायी जाता यायचं. बाकीचं वर्षभर समोर पाणी आणि पाण्यापलीकडे भोर.

गावाचं भैरवनाथाचं देऊळही बुडालं होतं. देव आधीच वर आणून करंजाखाली गवताच्या छपरात बसवला होता. देवळाची भरपाई म्हणून गावाला तीनशे दहा रुपये मिळाले. त्या पैशांचं काय करायचं हे ठरवायला पारावर बैठक बसली, आणि कोंडिबा कुडल्याच्या कटकटीला तिथून सुरुवात झाली.

कोंडिबा तेव्हा पस्तिशीचा होता. धरणाच्या कामावर चार वर्षं त्याने हजेरी लिहिली होती. गावात नीट लिहिता-वाचता येणारा तो एकटाच. गावचे पाटील रखमाजी त्याच्याहून दहा वर्षांनी मोठे, सरळ आणि हट्टी.

"देवाचे पैसे हाईत, देवाला लागू द्या," रखमाजी म्हणाले.

"पाटील, देवळाला चुना लागंल, दगड लागंल," कोंडिबा म्हणाला. "त्यो पलीकडनं आणायचा कशातनं? आधी नाव करू. नावंच्या उत्पन्नातनं देऊळ व्हईल."

हे शेवटचं वाक्य तो बोलला नसता तर बरं झालं असतं. पुढची पंधरा वर्षं गावाने ते त्याला ऐकवलं.

नाव झाली. भोरच्या सावळाराम सुताराने आंब्याच्या फळ्यांची, वीस माणसं बसतील अशी नाव दोनशे चाळीस रुपयांत करून दिली. उरलेले पैसे वल्ह्यांत, दोरखंडात आणि नावाडी भिमाच्या पहिल्या सहा महिन्यांच्या पगारात गेले. चौतीस घरांची 'आंबेटेप नाव मंडळी' स्थापन झाली. प्रत्येक घराने वर्षाला आठ आणे आणि भिमासाठी दोन पायल्या भात द्यायचं. आसपासच्या वाड्यांतल्या माणसांकडून खेपेला एक पैसा घ्यायचा. कुणी नफा खायचा नाही.

नाव पाण्यात सोडली त्या दिवशी कोंडिबाने सावळारामला विचारलं, "किती वर्सं टिकंल?"

"दर उन्हाळ्यात वर वढून तेल पाजलं, सावलीला ठिवली, तर चौदा-पंधरा. न्हाईतर धा."

कोंडिबाने हे मनात धरून ठेवलं. धरणाच्या कामावर त्याने पाहिलं होतं की तिथले साहेब प्रत्येक यंत्राचं वय लिहून ठेवत. पहिल्याच वार्षिक बैठकीत त्याने मंडळीच्या वहीत कलम लिहिलं: दर साल वीस रुपये नव्या नावेसाठी शिल्लक टाकायचे, आणि ती शिल्लक दुसऱ्या कशालाही वापरायची नाही. पैसे भोरच्या टपालकचेरीत त्याच्या आणि रखमाजींच्या नावावर ठेवायचे. काढायचे तर दोघांच्या सह्या लागतील. लोकांनी माना डोलावल्या. नाव नवी होती, तेलाने चकाकत होती. पंधरा वर्षांनी काय होईल याची तेव्हा कुणाला फिकीर नव्हती, म्हणून कुणी हरकतही घेतली नाही.

हरकती पुढच्या वर्षापासून आल्या. दर वैशाखात नाव काठावर पालथी घातलेली असायची आणि तिच्या शेजारीच बैठक बसायची. कोंडिबा हिशेब वाचायचा. शिल्लक चाळीस. शिल्लक एकसष्ट. शिल्लक त्र्याऐंशी. आकडा वाढला की मागणीही वाढायची. जत्रेला भांडी घेऊ. कुस्त्यांना इनाम ठेवू. एका वर्षी तर वर्गणीच बंद करू, एवढे पैसे पडलेत ते कशाला, असंही निघालं. आणि प्रत्येक वर्षी शेवटी देऊळ यायचंच.

"अरे, नाव रोज थोडी थोडी झिजती," कोंडिबा समजावायचा. "तुमी-आमी पलीकडं जातो तवा ती झीज आपुन खातो. खाल्ल्याचं पैसं नकोत का बाजूला ठिवायला?"

"नाव तर ठणठणीत दिसतीय," कुणीतरी म्हणायचं.

"आज दिसतीय."

"मग व्हईल तवा बघू."

तेच बोलणं, तेच उत्तर. घरी येऊन कोंडिबा वही कोनाड्यात आपटायचा. एका माणसाला पटवून द्यायला त्याला हरकत नव्हती. पण ज्यांना गेल्या वर्षी पटलं होतं त्यांनाच या वर्षी पुन्हा पटवायचं, याने तो थकत होता.

चौतीस सालच्या वैशाखात वावटळीने देवाचं छप्पर उडवून ओढ्यात नेऊन टाकलं. देव चार दिवस उघड्यावर उन्हात बसला. रखमाजींनी बैठक बोलावली. पत्रे आणि लाकडाला साठ रुपये लागणार होते, आणि शिल्लक शंभराच्या वर होती. हात वर झाले. वीस घरं देण्याच्या बाजूने, चौदा नको म्हणणारी.

"ठरलं," रखमाजी म्हणाले. "उद्या भोरला जाऊ."

"म्या सही करनार न्हाई," कोंडिबा म्हणाला.

"वीस घरांनी सांगितलंय."

"चौतीस घरांनी कलम लिवलंय. ते आधी खोडा, मग सही मागा. पर कलम खोडायला तीस घरं लागत्यात, तेबी लिवलंय."

"तुला देव दिसत न्हाई व्हय, कोंडिबा?" रखमाजींनी विचारलं.

"दिसतो. म्हनून तर आज माझं छप्पर काढून गवत देतो."

त्याने खरोखरच आपल्या गोठ्याचं अर्धं गवत दिलं. त्याचं कुणी नाव काढलं नाही. सही न दिल्याचं मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिलं. महिनाभराने त्याची बायको धोंडाबाई रिकामा हंडा दारात ठेवून म्हणाली, "बायका पान्यावर माज्याशी बोलत न्हाईत. ठकुमावशीच्या नातवाच्या बारशाला समद्या गावाला बोलावनं हाय, आपल्याला न्हाई."

"म्या काय केलं गं? त्यांचंच पैसं त्यांच्यासाठीच ठिवलं."

"मला काय सांगता? मला आकडं कळत न्हाईत. मला बोलावनं आलं न्हाई तेवडं कळतं."

कोंडिबाला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. त्या वर्षापासून त्याच्या डोक्यात एक गोष्ट बसली. शिल्लक अशी वाढवायची की नवी नावही होईल आणि देवळावर पत्रेही पडतील. दोन्ही एकाच दिवशी. मग रखमाजींना आणि साऱ्या गावाला दाखवायचं की कोण बरोबर होतं.

एकोणचाळीसच्या उन्हाळ्यात सावळाराम नावेच्या भेगांत काथ्या आणि डांबर भरायला आला. काम झाल्यावर त्याने कोंडिबा आणि रखमाजी दोघांना बसवून घेतलं.

"माज्याकडं एका मोठ्या आंब्याच्या फळ्या पडल्यात. दोन वर्सं वाळल्यात. अशा पुन्हा मिळायच्या न्हाईत. तुमी आताच सांगितलंत तर दोनशे तीसला नवी नाव करून देतो. जुनी ठिवा जोडीला, कापनीच्या दिसांत व्हईल."

पासबुकात दोनशे बत्तीस होते. रखमाजींनी लगेच मान हलवली. "करून टाकू, कोंडिबा. एकदाचं तुझं घोडं न्हाऊ दे."

कोंडिबा नावेच्या कडेने हात फिरवत उभा राहिला. फळ्या घट्ट होत्या. "हिला अजून किती वर्सं?"

"तेल बगून पाजलंय तुमी. चार तरी जातील," सावळारामने खरं ते सांगितलं.

"मग आज कशाला? चार वर्सांत अजून ऐंशी पडतील. नाव बी व्हईल अन् वर देवाला उरतील."

"फळ्या न्हाई राह्यच्या तवर," सावळाराम म्हणाला.

"दुसऱ्या मिळतील. भोरात आंबं काय संपल्यात?"

सावळाराम गेला. पंधरा दिवसांत त्याने त्या फळ्या दुसरीकडे विकल्या. भाद्रपदात युद्ध सुरू झाल्याची बातमी टपालकचेरीतच कोंडिबाला कळली. लांबच्या मुलखातलं युद्ध. त्याने पासबुकावर शिक्का मारून घेतला आणि नावेत बसून घरी आला.

पुढे एकेक वस्तू महाग होत गेली. आधी रॉकेल, मग खिळे, मग डांबर मिळेनासं झालं. लष्कराचे ठेकेदार डोंगरातून लाकूड गोळा करायला लागले. बेचाळीसच्या फाल्गुनात कोंडिबा सावळारामकडे गेला. सावळारामने दारातच सांगितलं, "साडेसहाशे. त्याबी फळ्या मिळाल्या तर."

"माज्याकडं तीनशे हाईत."

"मला ठाऊक हाय तुमच्याकडं किती हाईत."

"आमच्या टेपावरचं झाड तोडून दिलं तर?"

"आज तोडलं तर दोन वर्सांनी वापरायचं. ओलं लाकूड पान्यात घातलं तर फाटतं. आन् कापणावळ, खिळं? त्ये कुठनं?"

कोंडिबा त्या दिवशी परत येताना नावेत न बसता वळसा घालून चालत आला. सात कोस. पाय दुखत होते, तरी त्याला पटकन घरी पोचायचं नव्हतं. चौदा वर्षं त्याने एक पैसा हलू दिला नव्हता. आणि जो आकडा जपला तोच अर्ध्यावर आला होता, पासबुकात तसाच दिसत असूनही. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. यंत्राचं वय लिहिणाऱ्या साहेबांनीही नाही.

त्याने गावाला काही सांगितलं नाही. ती त्याची दुसरी चूक.

त्रेचाळीसच्या कार्तिकात भाताच्या कापणीनंतर नाव भरून चालली होती. चौदा माणसं, नऊ पोती, दोन शेळ्या. भिमा वर्षभर रॉकेलच्या डब्याने पाणी उपसतच वल्हवत होता. पलीकडचा काठ तीस हातांवर असताना पुढची फळी खिळ्यांपासून सुटली आणि पाणी आत घुसलं. भिमाने बायकांना आधी उतरवलं, वल्ह्याला धरून एकेकाला काठाकडे ढकललं. माणूस एकही गेलं नाही. पाच पोती गेली आणि एक शेळी. दोन पोती आणि ती शेळी ठकुबाईची होती. ठकुबाई म्हणजे बारशाला न बोलावणारी तीच ठकुमावशी; विधवा, साठीच्या पुढची, एकटीने घर चालवणारी आणि मंडळीची पहिल्या दिवसापासूनची सभासद.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव पारावर होतं. कुणी बोलवायची गरज पडली नाही.

"नव्या नावंचं पैसं हाईत ना?" ठकुबाईने विचारलं. "पंदरा वर्सं ऐकतीया. मग नवी नाव कुठं हाय?"

कोंडिबाने उभं राहून सगळं सांगितलं. तीनशे अठरा रुपये, साडेसहाशेची नाव, खिळे, लाकूड. मग म्हणाला, "एकोणचाळीसला सावळाराम दोनशे तीसला करून देत हुता. पाटील व्हय म्हनलं हुतं. म्या न्हाई म्हनलो. देवळाचंबी त्यातच व्हावं असं मनात हुतं."

पारावर कुजबुज सुरू झाली, मग ती वाढली. मागून कुणी म्हणालं, "पत्रं टाकलं असतं तर आज देव तरी झाकला असता." दुसरा म्हणाला, "वाटून टाका. घरटी नऊ रुपयं पाच आणं येतात. म्या गनित केलंय." त्यावर बरेच जण हो म्हणाले. ज्या माणसांना चौदा वर्षं शिल्लक म्हणजे काय ते कळलं नव्हतं, त्यांनी भागाकार मात्र बिनचूक केला होता. कोंडिबा खाली बसला. त्याला भांडायचीही ताकद राहिली नव्हती.

"सही मला बी करावी लागती," रखमाजी म्हणाले. ते आता म्हातारे झाले होते, काठी टेकून उभे राहिले. "आन् म्या करनार न्हाई. पंदरा वर्सं देवासाठी भांडलो. देवाला दिलं न्हाईत त्ये पैसं आता घरोघरी मीठ-मिरचीला वाटू व्हय? नाव बुडाली तर नावंलाच लावा."

मग ते कोंडिबाकडे वळले. "आन् तू. तुला एकदाच 'करून टाका' म्हनलो हुतो. तेवडं एकदा ऐकायचं हुतंस."

"व्हय," कोंडिबा म्हणाला.

भिमाने आणि दहा-बारा गड्यांनी नाव ओढून काठावर आणली. रखमाजी स्वतः वळसा घालून सावळारामकडे गेले. सावळारामने येऊन पाहिलं, ठोकून पाहिलं, तळाचं लाकूड नखाने उकरून पाहिलं. वरच्या फळ्या चालतील, तळ आणि पुढचा भाग बदलावा लागेल. भोरात एका मोडलेल्या गोठ्याच्या जुन्या तुळया त्याला मिळत होत्या, त्या चिरून वापरता येतील. तीनशे पाच रुपये. पाच-सहा वर्षं निघतील, जास्त नाही.

कोंडिबा आणि रखमाजींनी टपालकचेरीत जाऊन सह्या केल्या. कारकुनाने पैसे मोजून दिले आणि पासबुकात तेरा रुपये उरल्याचं लिहिलं.

पौषात नाव पुन्हा पाण्यात गेली. त्याच दिवशी कोंडिबाने वही आणि पासबुक रखमाजींच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. "दुसरा कोनी बघा. माझ्यानं व्हनार न्हाई."

आठवड्याने रखमाजींनी ते परत आणून दिलं. "तिघांना इचारलं. एकाला लिवता येत न्हाई, एकाला येळ न्हाई, एक म्हनला त्या वहीत माझ्या बापाची बाकी निगंल." ते ओट्यावर टेकले. "तूच ठिव. शिव्या तुलाच खायची सवय हाय."

धोंडाबाईने चहा आणून दिला आणि आत जाता जाता म्हणाली, "पाटील, या वेळी कलम कमी लिवायला सांगा त्यास्नी."

कोंडिबाला हसू आलं नाही. वही पुन्हा घरात आली म्हणून त्याला आनंदही झाला नाही. पण पाच वर्षांनी पुन्हा हीच वेळ येणार, आणि तेव्हा साडेसहाशेचे हजार झालेले असणार, हे त्याला झोपू देत नव्हतं. रुपये साठवून भागणार नाही हे आता कळलं होतं. मग काय साठवायचं? फळी साठवायची. फळी नसेल तर झाड. मंडळीने आत्ताच तीन मोठे आंबे ताब्यात घेऊन ठेवायचे, पैसे देऊन नाही, कारण पैसे नव्हतेच, तर नावेच्या फुकट खेपांवर. नाव चौथ्या वर्षात गेली की ते तोडून वाळवायला ठेवायचे.

त्याने बैठकीत हे मांडलं तेव्हा लोकांनी आधी ऐकलंच नाही. मग एकाने विचारलं, झाडावर वीज पडली तर? दुसऱ्याने विचारलं, ठेकेदार रोख देतो ते सोडून तुला कोण झाड देईल? शेवटी कंटाळून सगळे म्हणाले, काय करायचं ते कर. त्याला हीच परवानगी मानावी लागली.

टेपावर सर्वांत सरळ आणि जाड बुंध्याचा आंबा ठकुबाईच्या बांधावर होता. कोंडिबा वही घेऊन तिच्या दारात गेला. ती भात पाखडत होती. तिने त्याला बस म्हटलं नाही.

"माझी दोन पोती गेली," ती म्हणाली. "शेळी गेली. आन् आता आंबा मागतोस."

"मागत न्हाई, मावशी. मंडळी घेतीया. धा वर्सं तुमच्या घरची समदी मानसं फुकट. वर्गणीबी न्हाई."

"धा न्हाई. पंदरा."

"पंदरा कशी? नाव पंदरा वर्सं..." तो थांबला. "बरं. बारा."

"तोडंपातूर आंबं माजं."

"तुमचंच."

"फांद्या माज्या. सरपनाला."

"घ्या."

तिने सूप खाली ठेवलं. "शेळ्यांचं काय?"

"शेळ्यांचं काय म्हंजे?"

"मानसं फुकट म्हनलास. शेळ्या बाजारात न्ह्यायच्या असल्या तर? भिमा शेळीला पैसा घेतो."

कोंडिबाने कपाळ चोळलं. शेळ्या फुकट केल्या तर उद्या दुसरा म्हणेल माझी वासरं. कलम लिहावं लागेल. ते लिहिलं की बैठकीत पुन्हा वाद. "वर्साला चार शेळ्या," तो म्हणाला.

"सहा."

"पाच. आन् कोंबड्या मोजनार न्हाई."

ठकुबाईने सूप पुन्हा उचललं. "लिव," ती म्हणाली. "आन् वाचून दाखिव. मोठ्यानं. पारावर वाचलास तसं घाईत नको."

तो उंबऱ्याजवळ खाली बसला, वही गुडघ्यावर उघडली आणि लिहायला लागला. वाचून दाखवल्यावर तिने दोन ठिकाणी बदल करायला लावले, आणि मग अंगठा दिला. बाकीची दोन झाडं मिळायला त्याला पुढचं अख्खं वर्ष लागलं.